मेण कोण लावतं? 'ग्लास' ही फिल्म आणि काचकामावरच्या लिखाणातली गाळलेली जागा

या ब्लॉगवर मी एरवी एखादा शोधनिबंध घेते आणि तो सोप्या मराठीत उलगडायचा प्रयत्न करते. आज जरा वेगळं. एक फिल्म, एक निबंध आणि एका पुस्तकातला काही भाग, तिन्ही फुंकून केलेल्या काचेबद्दल, आणि तिन्हींवर मिळून माझी एकच तक्रार. तक्रार ऐकायला छोटी आहे: हाताच्या कौशल्याबद्दल इतकं छान बोलणाऱ्या या मंडळींना हत्याराची निगा दिसत नाही. माझ्या प्रबंधातला बराचसा भाग याच प्रश्नावर उभा आहे, म्हणून ती इथे नीट मांडते.

आधीच सांगते, तिन्ही गोष्टी मला आवडतात. वाईट फिल्मवर तक्रार करायला कुणी इतका वेळ घालवत नाही.

आधी फिल्म

बर्ट हान्स्ट्रा या डच दिग्दर्शकाची 'ग्लास' 1958 सालची. लांबी जेमतेम अकरा मिनिटं. नेदरलँड्समधल्या लेर्डाम गावच्या काच कारखान्यात तिचं चित्रीकरण झालं. हान्स्ट्रा तिथे गेला होता कारखान्यासाठी माहितीपट करायला. त्याच निमित्ताने त्याने ही दुसरी, स्वतःच्या मनासारखी फिल्म केली. 1959 सालासाठीचं लघुमाहितीपटाचं ऑस्कर तिला मिळालं. फिल्मशाळांमध्ये संकलनाचा धडा म्हणून ती आजही दाखवतात, आणि ते योग्यच आहे.

फिल्ममध्ये निवेदन नाही. पहिल्या भागात माणसं काच फुंकताहेत. फुगलेले गाल, ओठांमध्ये धरलेली फुंकणी, गोल गोल फिरणारे हात, नळीच्या टोकाला वाढत जाणारा लालसर फुगा. पार्श्वभूमीला पिम याकोब्सच्या चमूचं जॅझ. संगीत आणि श्वास असे जुळवलेत की कारागीर काच फुंकतोय की सॅक्सोफोन, असा क्षणभर प्रश्न पडावा. मग अचानक कापून आपण यंत्राच्या विभागात येतो. बाटल्या रांगेने पुढे सरकताहेत, लोखंडी हात त्या उचलून ठेवताहेत. एका बाटलीची मान तुटते, ती अडकते, मागच्या बाटल्या एकामागून एक पडून फुटतात, आणि यंत्र आपलं चालूच. शेवटी माणूस येतो, अडथळा काढतो, गाडं पुन्हा सुरू होतं. त्यानंतर संकलन वेग घेतं, आणि माणसं, हात, काच सगळं एकत्र घुसळून फिल्म संपते.

या फिल्मचा नेहमीचा अर्थ सोपा आहे: माणूस विरुद्ध यंत्र. माणसाकडे लय आहे, यंत्राकडे फक्त पुनरावृत्ती. यंत्र चुकतं तेव्हा त्याला ते कळत नाही, माणसाला कळतं. हा अर्थ चुकीचा नाही. पण तो लावताना एक गोष्ट हातातून निसटते.

यंत्राच्या भागात आपल्याला दिसतं की यंत्राला लक्ष द्यावं लागतं. कुणीतरी जवळ असावं लागतं, अडकलेलं सोडवावं लागतं. माणसाच्या भागात हत्यारं दिसतात, पण त्यांच्याकडे लक्ष देताना कुणी दिसत नाही. हत्यार हातात येतं, काम करतं, निघून जातं. जणू चिमटा कायमचा गुळगुळीत असतो, लाकूड कायमचं ओलं असतं, नळी आपोआप गरम आणि स्वच्छ होऊन येते. म्हणजे फिल्म आपल्याला सांगते: यंत्राला निगा लागते, हाताला लागत नाही.

प्रत्यक्षात तसं नाही.  हातकामातल्या काही हत्यारांना दर मिनिटाला पाहावं लागतं. हे विधान जरा मोठं आहे, तेव्हा आता हत्यारांकडेच जाऊ.

ओलं लाकूड

भट्टीतली काच साधारण 1100 अंश सेल्सियसच्या आसपास असते. फुंकणीच्या टोकावर ती मधासारखी गुंडाळून बाहेर काढतात. या गोळ्याला पहिला गोल आकार द्यायचं हत्यार म्हणजे ब्लॉक. लांब दांड्याचं लाकडी ओगराळं डोळ्यासमोर आणा, फक्त एका बाजूची कड नळी बसावी म्हणून खाली घेतलेली. कारागीर बाकावर बसतो, एका हाताने नळी मांडीपुढच्या दोन आडव्या दांड्यांवर फिरवत राहतो आणि दुसऱ्या हाताने ब्लॉक काचेखाली धरतो.

हजार अंशांची काच आणि लाकूड एकत्र कसे? उत्तर आहे पाणी. ब्लॉक सतत पाण्यात बुडवून ठेवलेला असतो. काच जवळ येताच वरच्या थरातल्या पाण्याची वाफ होते आणि काच त्या वाफेच्या पातळ गादीवर फिरते. तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब नाचतो तो याच कारणाने. इथे फक्त तापलेली वस्तू वर आहे आणि ओली खाली.

आता निगा. ब्लॉकसाठी चेरी, सफरचंद, पेअर अशा फळझाडांचं घट्ट लाकूड वापरतात, आणि तेही न वाळवलेलं. सुतारकामातला नियम इथे उलटा: सुतार लाकूड वाळण्याची वाट पाहतो, इथे ते कधीच वाळू द्यायचं नसतं. कातून झाल्यावर ब्लॉक पाण्यात जातो आणि बाकीचं आयुष्य तिथेच काढतो. सुट्टीत बादलीतलं पाणी आटलं की ब्लॉकला तडा जातो, आणि तडा गेलेला ब्लॉक काचेवर रेघ उमटवतो. पाणी फार दिवस तसंच राहिलं तर बुळबुळीत होतं, वास मारतं. ते बदलावं लागतं. तळाशी वाळू किंवा काचेचा चुरा बसला तर तो ब्लॉकला चिकटून वर येतो आणि काचेला ओरखडतो. म्हणून बादली घासावी लागते.

नवा ब्लॉक लगेच कामाचा नसतो. पहिल्या काही वेळा तो गरम काचेवर नुसता 'जाळून' घ्यावा लागतो. आतला पृष्ठभाग करपतो आणि त्यावर कोळशाचा बारीक, गुळगुळीत थर तयार होतो. बिडाचा नवा तवा आपण आधी तेल लावून तापवून घेतो, तसंच काहीसं. आणि हा थर कायमचा नाही. प्रत्येक वापरात ब्लॉक थोडा जळतो, म्हणजे आतून थोडा मोठा होतो. आज लहान गोळ्यासाठी असलेला ब्लॉक काही काळाने त्याहून मोठ्या गोळ्याचा होतो. रांगेत ठेवलेले ब्लॉक असे हळूहळू एकमेकांच्या जागा घेत पुढे सरकतात, आणि लहान टोकाला नवा ब्लॉक लागतो.

हे सगळं कामाच्या आधीचं आणि नंतरचं झालं. कामाच्या मध्ये काय? ब्लॉक बादलीतून काढला की जास्तीचं पाणी झटकायचं. खोबणीत पाण्याचं तळं राहिलं तर काच एका जागी थंड पडते आणि भिंत असमान होते. कमी ओला असेल तर वाफेची गादी तुटते, लाकूड पेटतं, काचेवर डाग येतो. किती ओला म्हणजे बरोबर, हे मनगटाच्या एका झटक्यात ठरतं. हा झटका दोन सेकंदांचा. फिल्मच्या भाषेत तो 'काम सुरू होण्याआधीचा' वेळ आहे, म्हणून कापला जातो. माझ्या मते काम तिथेच सुरू झालेलं असतं.

ब्लॉकचाच भाऊ म्हणजे ओला कागद. साधं वर्तमानपत्र, अनेक पानं एकावर एक घडी करून तळहाताएवढी चौकोनी गादी करायची, भिजवायची आणि थेट हातात घेऊन तिच्यावर काच फिरवायची. हात आणि हजार अंश यांच्यामध्ये फक्त कागद आणि वाफ. गुळगुळीत चकचकीत पानं चालत नाहीत. कडा सुकल्या की ठिणग्या उडतात, म्हणून कात्रीने छाटायच्या. वरचा थर काळा आणि मऊ झाला की गादी उत्तम लागते, आणि त्यानंतर फार दिवस टिकत नाही. म्हणजे हे हत्यार सर्वात चांगलं असतं ते संपायच्या जरा आधी.

मेण

आता माझं आवडतं हत्यार: जॅक. पोलादाची दोन लांब पाती, मागे कमानीसारख्या स्प्रिंगने जोडलेली. मोठ्या चिमट्यासारखं दिसतं. मुरानोत याला बोर्सेला म्हणतात. फिरत्या काचेवर पाती हलकेच मिटली की मान तयार होते. फुलदाणीचं तोंड रुंदावायचं असेल तर तीच पाती आत घालून उघडायची. तयार वस्तू नळीपासून जिथून तुटणार, ती खाचही जॅकनेच घालतात. एका हत्यारात इतकं काम आहे की अनेक कारागीर आपला जॅक दुसऱ्याला हात लावू देत नाहीत.

पोलाद आणि गरम काच यांच्यात पाणी नसतं. तिथे असतं मधमाशीचं मेण. पातं कोमट असताना त्याच्यावर मेणाचा गोळा फिरवायचा. पातळ थर बसतो. काचेला टेकताच तो धुरावतो, आणि घर्षण कमी होतं. मेण संपलं की पातं काचेवर अडखळायला लागतं. हे आधी कानाला कळतं: गुळगुळीत घासण्याच्या जागी किरकिर येते. मग डोळ्याला: काचेवर बारीक आडव्या लहरी उमटतात. त्याही पुढे गेलात आणि पातं फार तापलं तर काच चिकटते. उलट मेण जास्त झालं तर ते जळून काचेवर काजळी सोडतं.

म्हणून एक साधी वस्तू करतानाही कारागीर मेणाकडे पुन्हा पुन्हा वळतो. काच पुन्हा तापवायला नेली, की परत बाकावर बसताना मेण. हा विधी नाही, गरज आहे. आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारं पुसून, कुंकू लावून पुजतात. वर्षातून एक दिवस. जॅकची खंडेनवमी दर दोन मिनिटांनी येते.

याच्या मागे आणखी एक, संथ निगा आहे. पात्यांच्या कडांवर ओरखडे साचले की बारीक पॉलिश कागदाने ते काढायचे. पाती एकमेकांना समांतर मिटतात का ते पाहायचं. जॅक खाली पडू द्यायचा नाही, कारण वाकलेलं पातं प्रत्येक मान तिरकी करतं. पात्याच्या टोकाने तापलेली काच चिमटीत धरून ओढण्याचा मोह टाळायचा, कारण फार तापलेल्या पोलादाचं पाणी उतरतं. स्प्रिंगचा ताण हाताला सवयीचा असतो. तो बदलला की सगळा अंदाज चुकतो. तोंडाच्या कडेवर पोलादाचा डाग नको असेल तर लाकडी पात्यांचे वेगळे जॅक घ्यायचे, आणि त्यांची निगा परत वेगळी.

बाकीची हत्यारं पटकन सांगते. कात्री: थंड होत आलेली काच कापली तर धारेला खाचा पडतात, खिळा सैल झाला तर काच कापण्याऐवजी चेंगरते. मार्व्हर, म्हणजे ज्याच्यावर काच लाटल्यासारखी फिरवतात तो जाड पोलादी पाट: गंज आला तर तो थेट काचेवर उमटतो. ग्रॅफाइटची फळी: ब्लॉकच्या अगदी उलट, ही कोरडीच ठेवायची. फुंकणी: वापरून झाल्यावर टोकावरची काच थंड होऊन तडकते आणि गळून पडते, तिचा एखादा कण राहिला तर तो पुढच्या वस्तूत जातो.

इतकं तपशिलात सांगायचं कारण एवढंच: ही यादी 'देखभाल' या खात्यात टाकून देण्यासारखी नाही. यातलं बरंचसं काच गरम असतानाच, त्याच लयीत, त्याच हाताने होतं.

सिद्धांत कुठे अडतो

आता निबंधाकडे. एरिन ओ'कॉनर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी न्यूयॉर्कमधल्या एका स्टुडिओत स्वतः काच फुंकायला शिकून त्यावर 2005 मध्ये 'एथ्नोग्राफी' या नियतकालिकात निबंध लिहिला. शरीर कौशल्य कसं कमावतं, हा त्यांचा प्रश्न. माझ्या विषयात हा निबंध सगळेच वाचतात. त्यात त्या मायकेल पोलान्यी या तत्त्वज्ञाची एक कल्पना वापरतात, ती आधी समजून घेऊ.

पोलान्यीचं म्हणणं असं: आपण खिळा ठोकतो तेव्हा आपलं लक्ष खिळ्यावर असतं. हातोड्याची जाणीव तळहातात असते, पण आपण हातोड्याकडे बघत नसतो. त्याच्यामधून खिळ्याकडे बघत असतो. पहिली जाणीव केंद्रातली, दुसरी दुय्यम, आधार देणारी. नवशिक्याचं लक्ष हातोड्यावर अडकतं. सराव झाला की हातोडा जणू पारदर्शक होतो. पोलान्यीने हे ज्या पुस्तकात मांडलं ते 'पर्सनल नॉलेज'ही 1958 सालचंच. 'ग्लास' आणि हे पुस्तक एकाच वर्षी यावं हा योगायोग, पण दोघांच्या मनातलं चित्र सारखं आहे: कुशल हातात हत्यार नाहीसं होतं.

दुसरी बाजू मार्टिन हायडेगरची, 1927 ची. त्याचाही हातोडाच. चालू असताना हातोडा लक्षात येत नाही. मोडला, हरवला की एकदम समोर येतो. 'ग्लास'मधला यंत्र अडकण्याचा प्रसंग म्हणजे या कल्पनेचं चित्रण वाटावं इतका जुळतो. बाटलीची मान तुटेपर्यंत यंत्र नुसती लय आहे. तुटल्यावर ते यंत्र दिसतं.

म्हणजे आपल्याकडे हत्याराच्या दोन अवस्था आल्या. पारदर्शक, किंवा मोडलेलं. काचकामावरचं बहुतेक लिखाण या दोनांमध्ये ये-जा करतं. ओ'कॉनर यांचा निबंध नवशिक्याचा हत्याराशी चाललेला झगडा फार प्रामाणिकपणे दाखवतो, आणि मग तो झगडा विरघळून लक्ष काचेकडे कसं जातं ते. रिचर्ड सेनेट यांनी 'द क्राफ्ट्समन' या 2008 च्या पुस्तकात याच कामाचा आधार घेतला आणि त्यातून एकाग्रतेबद्दल, हाताने पुढचं आधीच ओळखण्याबद्दल मोठी मांडणी उभी केली. सेनेट वाचताना आपणही काहीतरी हाताने करायला शिकावं असं वाटायला लागतं. ही त्या पुस्तकाची खरी ताकद.

पण मेण लावलेला जॅक या दोन्ही अवस्थांत बसत नाही. तो मोडलेला नाही. काम थांबलेलं नाही. आणि तो पारदर्शकही नाही, कारण कारागीर त्या क्षणी त्याच्याकडेच बघतोय, त्याचा आवाज ऐकतोय, पात्यावरचा धूर पाहतोय. दोन सेकंद काच दुय्यम होते आणि हत्यार केंद्रात येतं. मग परत उलट. कुशल कारागिराचं वैशिष्ट्य हत्यार विसरण्यात आहे असं मला वाटत नाही. केव्हा विसरायचं आणि केव्हा आठवायचं, हे त्याला कळतं, ते त्याचं वैशिष्ट्य. नवशिक्या हत्याराकडे सतत बघतो म्हणून अडखळतो. पण नवशिक्या मेण लावायला विसरतो म्हणूनही अडखळतो.

या तिसऱ्या अवस्थेला मी प्रबंधात 'राखलेलं हत्यार' म्हणते. मराठीत 'निगा राखणं' आणि 'दुरुस्त करणं' हे दोन वेगळे शब्दप्रयोग आहेत, ते इथे कामाला येतात. दुरुस्ती बिघाडानंतर येते. निगा बिघाड येऊ नये म्हणून, आणि बिघाड अजून नसताना. तत्त्वज्ञानाच्या या दोन हातोड्यांपैकी एकालाही निगा लागत नाही, आणि गंमत म्हणजे खऱ्या हातोड्यालाही फारशी लागत नाही. उदाहरणच असं निवडलं गेलं की हा प्रश्न उभाच राहू नये. पोलान्यीने हातोड्याऐवजी जॅक घेतला असता तर मांडणी थोडी तरी वेगळी झाली असती, असं मला वाटतं.

यावर येणारे आक्षेप

हा मुद्दा मी चर्चासत्रात मांडते तेव्हा दोन आक्षेप हमखास येतात.

पहिला: मेण लावणंही सवयीने होतं, मग तेही 'दुय्यम जाणीव' या खात्यातच जाईल ना? काही अंशी हो. गोळा उचलून पात्यावरून फिरवणं सवयीने होतं. पण केव्हा फिरवायचा हा निर्णय सवयीवर सोडता येत नाही, कारण तो काचेच्या तापमानावर, पातं किती तापलं यावर, किती दाब दिला यावर अवलंबून असतो. आंधळी सवय असेल तर काजळी येते. निर्णय आहे तिथे लक्ष आहे.

दुसरा आक्षेप जास्त रास्त आहे: अकरा मिनिटांच्या फिल्मवर हा बोजा का? हान्स्ट्राला पाठ्यपुस्तक करायचं नव्हतं. मान्य. फिल्मने सगळं दाखवावं असं मी म्हणत नाही. पण फिल्मने निवड केली, आणि त्या निवडीला एक दिशा आहे. तिने कारागिरांच्या हातातल्या सिगारेटींना आणि पाइपांना जागा दिली. फुगलेल्या गालांना दिली. ज्या लयीच्या आधारावर ती माणसाला यंत्रापेक्षा वेगळं ठरवते, त्या लयीत मेणाचा आणि पाणी झटकण्याचा ठोका आहेच. तो ठोका गाळल्यावर माणसाची लय अखंड, सहज, जवळपास नैसर्गिक वाटते. एक प्रकारे फिल्म कारागिराला स्वतःच पुसून टाकते: त्याचं काम श्वासाइतकं सोपं दिसतं. कौतुक करताना श्रम गाळण्याची ही जुनी पद्धत आहे.

निगा राखणारे हात

इथे प्रश्न फक्त हत्यारांचा राहत नाही. काचकाम एकट्याचं नसतं. मुरानोच्या परंपरेत मुख्य कारागीर मायेस्त्रो, त्याच्या हाताखाली सेर्व्हेंते, आणि सर्वात खाली गार्सोने, म्हणजे पोऱ्या. बादली भरणं, ब्लॉक ओले ठेवणं, नळ्या तापवून आणून देणं, तुटलेल्या काचा झाडणं ही कामं खालच्या माणसाकडे. शिकण्याची सुरुवात तिथून होते. म्हणजे निगेचं ज्ञान सगळ्यांत आधी मिळतं, आणि वर चढल्यावर ते सगळ्यांत आधी विस्मरणात जातं. मुलाखत मायेस्त्रोची होते. कॅमेराही त्याच्यावरच असतो.

कारखान्यात तर याहून पुढची विभागणी असे. लाकडी साचे कातणारा माणूस वेगळा, फुंकणारा वेगळा. आल्व्हार आल्तोची 1936 ची प्रसिद्ध लहरी फुलदाणी घ्या. सुरुवातीला ती लाकडी साच्यात फुंकत. साचा प्रत्येक वेळी थोडा जळायचा, त्यामुळे काचेचा पृष्ठभाग किंचित ओबडधोबड यायचा. 1950 च्या दशकात लोखंडी साचे आले आणि पृष्ठभाग गुळगुळीत झाला. कागदावर रेखाटन तेच, आकार तोच. पण हत्याराचं झिजणं बदललं आणि वस्तू बदलली. श्रेय मात्र रेखाटनालाच.

1962 मध्ये अमेरिकेत टोलीडोच्या संग्रहालयात हार्वे लिटलटनने कार्यशाळा घेतल्या आणि काच कारखान्यातून बाहेर पडून एकट्या कलावंताच्या स्टुडिओत येऊ लागली. कारखाना सोडल्याबरोबर साचेवाला, बादलीवाला पोऱ्या, हत्यारं करणारा लोहार सगळे मागे राहिले. कलावंताला हत्यारं स्वतः मिळवावी आणि राखावी लागली. 1979 मध्ये मुरानोचे लिनो तालियापिएत्रा अमेरिकेतल्या पिलचक शाळेत शिकवायला आले, ती घटना काचेच्या इतिहासात तंत्राच्या प्रवासाची म्हणून सांगितली जाते. मला त्यात हत्यारांचाही प्रवास दिसतो. आजही मुरानोतल्या दोना घराण्याचे जॅक जगभरच्या स्टुडिओंमध्ये वापरले जातात.

आपल्या जवळची गोष्टही याच साच्यातली. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून 1908 मध्ये तळेगाव दाभाडे इथे काच कारखाना उभा राहिला. शाळेत, भाषणांत आपण ती गोष्ट ऐकतो ती एकेक पैसा गोळा करण्याची, टिळकांच्या पाठिंब्याची, स्वदेशीची. पैसा कुठून आला हे सगळ्यांना माहीत. पण काच फुंकायला नळी लागते, साचा लागतो, चिमटा लागतो, आणि ते राखणारा माणूस लागतो. तो गोष्टीत येत नाही.

मग नोंद कशी ठेवायची?

हे सगळं आता महत्त्वाचं का, तर सध्या या कामाची नोंद ठेवण्याची धडपड जोरात आहे. डिसेंबर 2023 मध्ये युनेस्कोने हातकाचेचं ज्ञान आणि कौशल्य अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. चेकिया, फिनलंड, फ्रान्स, जर्मनी, हंगेरी आणि स्पेन या सहा देशांनी मिळून तो प्रस्ताव दिला होता. अशा वेळी कॅमेरे लागतात, मुलाखती होतात. कॅमेरा कुठे लावायचा, हा प्रश्न तेव्हा सौंदर्याचा राहत नाही.

मी एक साधी कसोटी लावते. समजा, शंभर वर्षांनी सगळे काचवाले संपले आणि फक्त नोंदी उरल्या. त्या नोंदींवरून काम परत उभं करता येईल का? 'ग्लास'वरून श्वास शिकता येईल, नळी फिरवण्याचा वेग शिकता येईल. ओ'कॉनर यांच्यावरून शिकताना शरीराला काय होतं ते कळेल. पण पहिल्याच दिवशी कोरडा ब्लॉक पेटेल, दुसऱ्या दिवशी जॅक चिकटेल, आणि का ते कुठेच लिहिलेलं सापडणार नाही.

असं आधीही घडलंय, आणि कुणीतरी ते भरून काढलंय. अंतोनियो नेरीचं 1612 चं काचेवरचं पुस्तक हे मुख्यतः पाककृतींचं: कोणती वाळू, कोणता क्षार, कोणता रंग. 1662 मध्ये लंडनच्या क्रिस्टोफर मेरेटने त्याचं इंग्रजी भाषांतर केलं आणि शेवटी स्वतःची लांबलचक टिपणं जोडली. त्यांत त्याने भट्ट्यांबद्दल लिहिलं, आणि कारागिरांच्या हत्यारांची नावं आणि उपयोगही दिले. नेरीच्या पुस्तकात नसलेला कारखाना असा भाषांतराच्या मागच्या दाराने आत आला. मला या क्षेत्रात नवे नेरी नकोत, मेरेट हवेत.

'ग्लास' जरूर पाहा. दोनदा पाहा. पहिल्यांदा संगीत आणि श्वासासाठी, जसं हान्स्ट्राला हवंय तसं. दुसऱ्यांदा, प्रत्येक कटपाशी स्वतःला विचारा: या दोन चित्रांच्या मध्ये हत्याराचं काय झालं असेल? ते कुठे ठेवलं, कशात बुडवलं, कुणी पुसलं? मग काचकामाचा कुठलाही व्हिडिओ लावा आणि काचेवर नसलेला हात बघा. मेणाचा गोळा साधारण बाकाच्या उजव्या बाजूला, हाताच्या अंतरावर असतो.

तुमच्या स्वतःच्या कामात असं एखादं 'मेण' असेल, जे कुणी शिकवलं नाही, कुठे लिहिलेलं नाही, पण ज्याच्यावाचून काम अडतं, तर मला जरूर कळवा. शिवणयंत्र, वीणा, चाकू, कॅमेरा, काहीही चालेल. पुढच्या पोस्टमध्ये ब्लॉकमधल्या वाफेच्या गादीचं विज्ञान घेते.